टेन्शन घेऊ नका...

मागच्या पावसाळ्यात माझ्या डाव्या कोपरावर रुपयाएवढा एक लाल चट्टा उठला. वर पांढुरका कोंडा. आधी वाटलं नायटा असेल, पावसात कपडे धड वाळत नाहीत, होतं असं. मेडिकलवाल्याकडून मलम आणलं आणि तीन आठवडे इमानेइतबारे चोळलं. चट्टा गेला नाहीच, उलट उजव्या कोपरावर त्याचा जोडीदार आला. मग मुकाट्याने डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कोपरं पाहिली, नखं पाहिली, भांगात बोट घालून डोकं पाहिलं, 'सोरायसिस' म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला घेतली. मी उठून दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाले, "आणि हो, टेन्शन घेऊ नका."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. ऐकलेलं कसलं, मीच म्हटलेलं होतं. आत्याला.

आमची आत्या (नातेवाईक मंडळींना सांगायला नकोच, बाकीच्यांसाठी सांगते) भर मे महिन्यातही मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज घालायची. घरात हळदीकुंकू असलं की ती स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून बसायची. अत्तर लावून घ्यायला हात पुढे केला की बाही वर जाते ना, म्हणून. तिच्या चादरी कायम तपकिरी-जांभळट डागांनी भरलेल्या, आणि त्या ती स्वतःच वेगळ्या धुवायची. हे चट्टे लग्नानंतर आले याला आजी 'नशीब' म्हणायची. आजोबा म्हणायचे हिला राग फार. शेजारच्या काकू म्हणायच्या, कुणाचं तरी काहीतरी भोवतंय. आणि मी, कॉलेजात मानसशास्त्राचा एक पेपर घेतलेली शहाणी पोरगी, तिला म्हणाले होते, "आत्या, तू फार मनाला लावून घेतेस गं. म्हणून होतं तुला हे."

ती काही बोलली नाही. भाजी निवडत होती, ती निवडत राहिली.

माझ्या कोपरावर चट्टा आल्यावर मला ते भाजी निवडणं आठवलं. आणि मग खाजच सुटली (दोन्ही अर्थांनी!) की हे वाक्य आलं कुठून? कातडी आणि मन यांचा संबंध पहिल्यांदा कुणी लावला, आणि तो खरा किती? दोन-तीन महिने मिळेल ते वाचत होते. त्यातलं जे मनात राहिलं ते इथे मांडतेय. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधोपचारासाठी आपापल्या डॉक्टरांकडेच जा. ही फक्त एका वाक्याची वंशावळ आहे.

खरं तर आपल्या भाषेला हा संबंध कधीचा माहीत आहे. भीती वाटली की अंगावर काटा येतो. संताप झाला की अंगाची लाही लाही होते. अपमान झाला की चेहरा काळवंडतो, निर्लज्ज माणसाची कातडी गेंड्याची असते. अंगावर गांधी उठल्या की आपण 'पित्त उठलं' म्हणतो, आणि चिडक्या माणसालाही 'पित्त खवळलं' म्हणतो. मनात जे चाललंय ते अंगावर उमटतं, एवढं निरीक्षण कुणीही केलेलं असणार. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. उमटलं, तर दोष कुणाचा?

चरकसंहितेत कुष्ठावर एक अख्खा अध्याय आहे. 'कुष्ठ' म्हणजे आजचा कुष्ठरोग एवढाच अर्थ नाही, कातडीच्या अनेक विकारांना मिळून दिलेलं ते नाव आहे. सात मोठी आणि अकरा लहान अशी अठरा कुष्ठं सांगितली आहेत, आणि त्याच अध्यायात श्वित्र, म्हणजे आपण ज्याला कोड म्हणतो, तेही येतं. कारणांची यादी वाचण्यासारखी आहे. विरुद्ध आहार आहे, उलटीचा वेग अडवणं आहे, उन्हाने, श्रमाने किंवा भीतीने व्याकूळ असताना एकदम गार पाणी पिणं-अंगावर घेणं आहे. भीती! दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात. मी वाचून खूश झाले. पण यादी तिथे थांबत नाही. गुरुजनांचा अपमान, पापकर्म, कोडाच्या बाबतीत तर खोटं बोलणं, कृतघ्नपणा, देवांची निंदा, पूर्वजन्मीची कर्मं हेही आहे. म्हणजे शेजारच्या काकूंचं मत फार जुन्या परंपरेतलं होतं.

सांबाची गोष्ट याच वळणाची. कृष्णाचा हा देखणा मुलगा, बापाच्या शापाने अंगावर कुष्ठ उठलं, आणि चंद्रभागेच्या तीरावर (आपली पंढरपूरची नव्हे) सूर्याची उपासना करून तो बरा झाला. गोष्ट दोन गोष्टी एकदम शिकवते. एक, कातडीचा रोग ही शिक्षा असते. दोन, ऊन औषध आहे. गंमत म्हणजे दुसरी गोष्ट खरी निघाली. बावचीचं बी आणि ऊन हा कोडावरचा आपल्याकडचा जुना उपाय. बावचीत सोरालेन नावाच्या जातीची द्रव्यं असतात, त्यांनी कातडी उजेडाला जास्त दाद देते. १९७४ साली अमेरिकेत हार्वर्डच्या डॉक्टरांनी सोरालेनची गोळी आणि अतिनील किरणं एकत्र वापरून सोरायसिसवरची 'पुवा' ही उपचारपद्धत मांडली. त्या संशोधनात मधू पाठक हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञही होते. सांबाचं ऊन खरं ठरलं. सांबाचा शाप मात्र लोकांच्या मनातून गेला नाही.

युरोपात हाच गोंधळ वेगळ्या वाटेने झाला. तिथे 'लेप्रा' या एका शब्दात कोंडा पडणारं बरंच काही मोडायचं. मध्ययुगात महारोगी म्हणून गावाबाहेर काढलेल्यांत सोरायसिसचे लोकही असणार असं मानलं जातं. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या एका धर्मादाय दवाखान्यात रॉबर्ट विलन नावाचा डॉक्टर बसायचा. गरिबांची कातडी बघून बघून त्याने रोगांचं पहिलं नीट वर्गीकरण केलं. पुरळ, फोड, खपली, गाठ अशा दिसण्यावरून गट पाडले. १७९८ पासून ते भागाभागाने छापून येऊ लागलं आणि १८०८ साली पुस्तक झालं. सोरायसिस त्याने अचूक वर्णन केला. पण त्याच्या एका प्रकाराचं नाव ठेवलं 'लेप्रा'च. नाव जुनं राहिलं की भीतीही जुनीच राहते. शेवटी १८४१ साली व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्राने ते नाव काढून टाकलं आणि सोरायसिस महारोगापासून कायमचा वेगळा केला. महारोगाचा जंतू हान्सेनला सापडला तो त्यानंतर, १८७३ मध्ये.

या हेब्राबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्या वाक्याच्या वंशावळीत तो मोठा अडथळा आहे. त्याच्या आधी वैद्यकात सर्वमान्य समज असा होता की कातडीवर दिसतं ते आतल्या बिघाडाचं बाहेर फुटणं. रक्त बिघडलंय, पित्त बिघडलंय, मन बिघडलंय. होमिओपॅथीचा जनक हानेमान याने १८२८ साली तर जुनाट रोगांचं मूळ दडपलेल्या खरजेत आहे असं मांडलं. 'मलम लावू नका, रोग आत जाईल' हे वाक्य आपल्याकडे अजून ऐकू येतं, त्याचं हे एक मूळ. इकडे १८३४ मध्ये रेनुची नावाच्या कॉर्सिकाहून आलेल्या विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये सगळ्यांसमोर सुईच्या टोकावर खरजेचा किडा काढून दाखवला. (आमच्या गावाकडच्या बायकाही काढतात, असं त्याचं म्हणणं.) हेब्राने पुढे तो किडा स्वतःच्या अंगावर सोडून खरूज करून घेतली आणि सांगितलं की बाबांनो, रक्तबिक्त काही बिघडलेलं नाही. किडा आहे, किडा मारा.

मला हेब्रा फार आवडला. रुग्णाच्या चारित्र्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. कातडीचा रोग हा कातडीचा रोग. आजोबांच्या जागी हेब्रा असता तर आत्याचा राग त्याने हिशोबातच धरला नसता.

आता इथे एक आडवळण घेते, कारण ते आपल्या घराजवळून जातं. एकोणिसाव्या शतकात मुंबईत नायट्या-गजकर्णावर 'गोवा पावडर' नावाची एक पिवळसर-तपकिरी भुकटी विकली जायची. गोव्यातून यायची म्हणून हे नाव. पण गोव्यात तसलं झाडच नाही. झाड ब्राझीलचं, तिथे त्याला अरारोबा म्हणतात. पोर्तुगीज जहाजांतून ब्राझील ते गोवा आणि गोवा ते मुंबई असा तिचा प्रवास. १८७४-७५ च्या सुमाराला डॉक्टरी नियतकालिकांतून हा उलगडा झाला. मग १८७६ मध्ये लंडनच्या बॅल्मॅनो स्क्वायर या डॉक्टरने सांगितलं की एका रुग्णाने आपल्याला नायटा झालाय असं समजून ही भुकटी लावली आणि त्याचा सोरायसिस गेला! (मी केली तीच चूक, पण त्याची फळाला आली.) त्या भुकटीतलं द्रव्य म्हणजे क्रायसारोबिन. पहिल्या महायुद्धात ते मिळेनासं झालं तेव्हा जर्मनीत त्याच्या जवळचं कृत्रिम औषध तयार केलं गेलं आणि १९१६ साली वापरात आलं. त्याचं आजचं नाव डिथ्रॅनॉल. गुणकारी आहे, पण एक खोड. कातडीला आणि कपड्यांना तपकिरी-जांभळे डाग पाडतं.

हे वाचलं आणि पुस्तक बाजूला ठेवून बसले थोडा वेळ. आत्याच्या चादरी! ज्यांना आम्ही मुलं नाक मुरडायचो, ते डाग रोगाचे नव्हतेच. औषधाचे होते. आणि ते औषध गोव्यावरून, मुंबईवरून, लंडन-जर्मनी करून सोलापूर रोडवरच्या आमच्या घरात परत आलं होतं.

असो. तर हेब्राने मनाला बाहेर काढलं खरं, पण मन असं थोडंच राहतंय. १८७२ मध्ये ब्रेस्लाऊच्या हाइनरिख कोबनरने एक रुग्ण दाखवला. त्याला जिथे घोडा चावला तिथे सोरायसिस उठला, जिथे गोंदवलं तिथे त्या नक्षीबरहुकूम उठला. म्हणजे रोग सगळ्या अंगात दबा धरून असतो, निमित्त मिळालं की त्या जागी उगवतो. आज याला कोबनरचंच नाव आहे. माझ्या मते हे या इतिहासातलं सगळ्यात उपयोगी निरीक्षण आहे, कारण यात 'मूळ' आणि 'निमित्त' वेगळं झालं. घोड्याने रोग दिला नाही. घोडा निमित्त झाला. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८९१ मध्ये पॅरिसच्या ब्रोक आणि जाके यांनी खाजवून खाजवून जाड झालेल्या कातडीच्या विकाराला 'न्यूरोडर्मिटिस' म्हटलं. त्यांना म्हणायचं होतं की मूळ मज्जातंतूंत आहे. मज्जातंतूंवरून मनावर यायला फार वेळ लागला नाही. फ्रॉइडनंतरच्या काळात तर सगळंच मनात शिरलं. शिकागोच्या मनोविश्लेषण संस्थेचे फ्रान्झ अलेक्झांडर यांचं मनोकायिक वैद्यकावरचं पुस्तक १९५० साली आलं. त्यांचे सात रोग पुढे 'पवित्र सात' म्हणून गाजले: पोटातला अल्सर, दमा, संधिवात, आतड्याचा कोलायटिस, रक्तदाब, थायरॉइडचा अतिरेक आणि न्यूरोडर्मिटिस. प्रत्येक रोगामागे मनातला ठराविक झगडा असतो, ही मांडणी. अलेक्झांडर स्वतः समतोल माणूस होता, मनाबरोबर शरीराची घडणही लागते असं तो म्हणायचा. पण कल्पना पुस्तकातून गावात पोचते तेव्हा तिच्यातला समतोल वाटेतच गळून पडतो. उरतं ते 'तुमचा स्वभावच कारणीभूत'.

याचा सगळ्यात जास्त मार कुणाला बसला असेल? आयांना. रेने स्पिट्झ हा लहान मुलांवर काम करणारा नामवंत मनोविश्लेषक. तान्ह्या बाळांना होणाऱ्या एक्झिमाचा, म्हणजे आपल्या इसबाचा, संबंध त्याने आईच्या मनातल्या झाकलेल्या वैरभावाशी लावला. आई वरवर काळजी करते, पण आत तिला मूल नकोसं आहे, आणि ते बाळाच्या कातडीवर उमटतं, असा त्याचा तर्क. जरा डोळ्यांसमोर आणा. रात्र रात्र बाळाचे हात धरून बसलेली बाई, खाजवू नये म्हणून. आणि तिला कुणीतरी सांगतंय की हे तुझ्यामुळे.

२००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवलं की एक्झिमाच्या बऱ्याच मुलांत फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचं जनुक सदोष असतं. हे प्रथिन कातडीची भिंत बांधायला लागतं. विटांमध्ये चुनाच कमी, म्हणून ओल बाहेर जाते आणि नको ते आत येतं. आयांची सुटका झाली. पण मध्ये किती वर्षं गेली बघा.

अल्सरचंही तेच. 'काळजी करून करून पोटात अल्सर झाला' हे आपण किती सहज म्हणायचो. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वॉरन आणि मार्शल यांना त्यामागचा जंतू सापडला, २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, आणि अल्सरचं बरंचसं दुखणं अँटिबायोटिकने बरं होऊ लागलं. 'पवित्र सातां'तला एक असा गळला.

मग हे सगळं मनाचं प्रकरण थोतांड का? नाही! इथेच खरी मजा आहे.

१९५१ साली इंग्लंडात ईस्ट ग्रिन्स्टेडच्या इस्पितळात सोळा वर्षांचा एक मुलगा होता. अंगभर काळं, कडक, भेगाळलेलं कवच. अल्बर्ट मेसन नावाचा तरुण भूलतज्ज्ञ संमोहनाने चामखिळी घालवायचा. त्याला वाटलं या चामखिळीच आहेत. त्याने मुलाला संमोहित करून सांगितलं, तुझा डावा हात साफ होईल. पाचेक दिवसांत कवच मऊ पडून गळायला लागलं, दहा दिवसांत हात खांद्यापासून मनगटापर्यंत मोकळा झाला! मेसन तो हात घेऊन शस्त्रक्रियातज्ज्ञाकडे गेला तेव्हा कळलं की या चामखिळी नव्हत्याच. तो जन्मजात, असाध्य मानलेला त्वचारोग होता. १९५२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं आणि खळबळ उडाली. तसेच रुग्ण मेसनकडे येऊ लागले, त्याने मनापासून प्रयत्न केले, पण ते यश पुन्हा काही मिळालं नाही. एका मुलाचा हात बरा झाला हे खरं. पुढच्यांचा झाला नाही हेही खरं. त्या पुढच्यांना कुणी 'तुमचीच इच्छाशक्ती कमी' असं म्हणालं नसेल अशी आशा आहे.

सोरायसिसचा उलगडा अपघाताने झाला. १९७९ मध्ये सायक्लोस्पोरिन हे औषध सांधेदुखीच्या रुग्णांवर वापरून बघत असताना त्यांच्यातल्या काहींचा सोरायसिस साफ झालेला दिसला. हे औषध प्रतिकारशक्तीला आवर घालतं. तेव्हा लक्षात आलं की सोरायसिस हा कातडीचा रोग दिसत असला तरी चूक प्रतिकारशक्तीची आहे. तिच्या पेशी कारण नसताना कातडीला चेतवत राहतात, आणि जी कातडी महिन्याभरात बदलायची ती काही दिवसांत नवी होत राहते. जुनी गळायला वेळच मिळत नाही, तिचा कोंडा साठतो. मूळ पिंडात असतं, बरेचदा घराण्यात. (आत्या आणि मी. हे कळायला जनुकशास्त्र लागलं नाही.) आणि हो, तो स्पर्शाने पसरत नाही. हळदीकुंकवाला या!

मग टेन्शनचं काय? तर ते कोबनरचा घोडा आहे.

गर्भात कातडी आणि मेंदू एकाच थरातून घडतात. पुढे दोघं लांब जातात, पण बोलणं सुटत नाही. कातडीतल्या मज्जातंतूंची टोकं ताणाच्या वेळी काही रसायनं सोडतात, त्यांनी तिथल्या प्रतिकारपेशी चेततात. एखाद्या सोरायसिसवाल्याच्या त्या भागाची नस निकामी झाली तर तिथला चट्टा नाहीसा होतो, असे रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत. अमेरिकेत २००१ साली छापलेला एक साधा प्रयोग मला फार पटला. त्वचारोग नसलेले २७ विद्यार्थी घेतले. चिकटपट्टीने कातडीचा वरचा थर थोडा उचकटला आणि भिंत परत किती वेगाने सांधते ते मोजलं, एकदा सुट्टीवरून आल्यावर आणि एकदा परीक्षेच्या दिवसांत. परीक्षेत भिंत हळू सांधत होती. निरोगी पोरांची! १९९८ मध्ये जॉन काबाट-झिन यांनी किरणोपचार घेणाऱ्या सोरायसिसच्या ३७ रुग्णांपैकी काहींना उपचार चालू असताना ध्यानाची टेप ऐकवली. टेप ऐकणारे लवकर साफ झाले. २००३ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांना उलट बाजू दिसली. अति काळजी करणाऱ्यांना तोच पुवा उपचार हळू लागू पडला.

लक्षात घ्या, ध्यानाने किरणांची जागा घेतली नाही. काळजीने रोग निर्माण केला नाही. वेग बदलला. एवढंच, पण एवढं आहे.

आता गाडी उलट दिशेने. कातडी मनाला काय करते? हा अर्धा भाग कित्येक वर्षं कुणी मोजलाच नव्हता. १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये फिन्ले आणि खान यांनी दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली केली. गेल्या आठवड्यात लाज वाटली का, कपडे निवडताना कातडीचा विचार करावा लागला का, बाजारात जाणं टाळलं का, जवळच्या माणसांशी अडचण झाली का. ती आता जगभर वापरतात. मी वाचली तेव्हा वाटलं की आत्याला हे दहातले पाच जरी प्रश्न कुणी विचारले असते!

लेखकांनी मात्र आधीच सांगून ठेवलं होतं. नाबोकोव्ह १९३७ मध्ये बायको-मुलाला बर्लिनमध्ये ठेवून पॅरिसमध्ये होता. तिथे दुसऱ्या बाईत गुंतला, बायकोला पत्रातून नाकारत राहिला, आणि त्याच महिन्यांत त्याचा सोरायसिस इतका भडकला की जीव द्यावासा वाटला असं त्याने नंतर बायकोलाच लिहिलं. आता यात अपराधी मनाने कातडी पेटवली म्हणायचं, की पेटलेल्या कातडीने मन अस्थिर केलं म्हणायचं? मी तरी निवाडा देणार नाही. जॉन अपडाइकला सहाव्या वर्षापासून सोरायसिस, आईकडून आलेला. 'माझ्या कातडीशी युद्ध' अशा अर्थाच्या नावाचा त्याचा दीर्घ लेख १९८५ साली आला. त्यात तो हिशोब मांडतो की लवकर लग्न का केलं, न्यूयॉर्क सोडून ऊन मिळेल अशा समुद्राकाठच्या गावात का राहिला, लेखकच का झाला, कारण लेखकाला लोकांसमोर यावं लागत नाही. एका माणसाचं अख्खं आयुष्य कातडीच्या सोयीने आखलेलं. वाचताना मला राहून राहून लांब बाह्यांचं ब्लाउज दिसत होतं. त्याला त्यातून पुस्तकं तरी लिहिता आली.

आपल्याकडे हे बोलायची सुरुवात कोडाच्या निमित्ताने झाली. २००६ मध्ये सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' आला. चेहऱ्यावर कोड असलेली डॉक्टर मुलगी आणि तिला बघणारं एक सुशिक्षित, संस्कारी घर. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची 'श्वेता' ही संस्था कोड असलेल्यांसाठी काम करत आली आहे, तिथे मेळावे होतात, वधुवरांच्या गाठी पडतात. कायद्याला मात्र वेळ लागला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९ साली काढलं गेलं. औषधाने रोग पूर्ण बरा होऊ लागल्यावर कितीतरी वर्षांनी.

वाचून संपल्यावर मी वंशावळ कागदावर मांडली. वैद्य म्हणाले पाप. मग म्हणाले रक्त. हेब्रा म्हणाला कातडी. फ्रेंच म्हणाले नसा. शिकागो म्हणालं मन. आता म्हणतात प्रतिकारशक्ती, आणि मन तिच्या कानाला लागलेलं. शेवटचं बहुतेक खरं आहे, निदान पुराव्याने आलंय. पण एक गोष्ट मला खटकली. 'पाप' हा शब्द गेला आणि त्याच्या जागेवर 'टेन्शन' येऊन बसलं, तरी बोलायचा सूर तोच राहिला. तुझं तूच ओढवून घेतलंस. मी कॉलेजात शिकलेला पेपर आणि शेजारच्या काकू यांच्यात फरक फक्त शब्दाचा होता.

गणपतीत आत्याकडे गेले होते. आता ती ब्याऐंशीची आहे. मी अर्ध्या बाह्यांचा कुडता घातला होता, मुद्दाम. तिने चहाचा कप देताना कोपर पाहिलं. काही न बोलता आत गेली, खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली आणि माझ्या कोपराला तेल लावायला लागली. म्हणाली, "आंघोळीनंतर लगेच लावायचं. ओल्या अंगावर. म्हणजे तडकत नाही." (डॉक्टरांनी एवढ्याच वेळात मला हे सांगितलं नव्हतं. तपासलं, बरोबर आहे.)

मग मी तिला ते सांगितलं. कॉलेजातलं वाक्य, भाजी निवडणं, सगळं. तिला आठवत होतं. म्हणाली, "तू एकटी नव्हतीस गं म्हणणारी. पण मी एवढा विचार केला ना त्यावर. रोज रात्री झोपताना ठरवायचे की उद्यापासून मनाला काही लावून घ्यायचं नाही. आणि सकाळी उठून आधी हात बघायचे. नाही गेलं की वाटायचं, हेही जमलं नाही आपल्याला."

चाळीस वर्षं. चट्टे होतेच, त्यावर हे.

आत्याला विचारूनच हे लिहिलंय. तिला स्क्रीनवर वाचवत नाही, म्हणून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून पाठवतेय. तिने एकच दुरुस्ती सांगितली आहे, ती इथेच करते: चादरी ती वेगळ्या धुवायची हे बरोबर, पण आजोबांचा शेवटचा आजार सुरू झाल्यावर त्यांच्याही धुवायची, त्याही वेगळ्या, आणि त्याबद्दल कुणाला काही वाटलं नव्हतं.